मध्यंतरापर्यंतचं मत

सिनेमाबद्दलची तिची मतं ठाम होती, सडेतोड होती आणि मध्यंतरापर्यंतची होती.

यात तिचा दोष नव्हता. असलाच तर ढमीचा होता, आणि ढमी नऊ महिन्यांची असल्यामुळे तिच्या माथी दोष मारण्यात काही अर्थ नव्हता. ढमीला काळोख चालत नसे, मोठा आवाज चालत नसे, आणि आईबाप दोघंही आपल्याला सोडून तिसऱ्याच कुणाकडे टक लावून बसलेत हे तर मुळीच खपत नसे. म्हणून नवराबायकोनं एक पद्धत काढली होती. तिकीट एकच घ्यायचं. पूर्वार्ध तिनं बघायचा. तोवर नवऱ्यानं ढमीला कडेवर घेऊन बाहेरच्या पोस्टरांवरच्या नटनट्यांशी तिची ओळख करून द्यायची. मध्यंतराला दारातच अदलाबदल. तिकीट त्याच्या हातात, ढमी हिच्या कडेवर, दुपट्यांची पिशवी हिच्या खांद्यावर, आणि सोबत एका वाक्याचा अहवाल: "एकदा ओकली, दोनदा हसली, डावा मोजा हरवलाय." मग उत्तरार्ध त्यानं बघायचा आणि घरी आल्यावर दोघांनी आपापला अर्धा एकमेकांना सांगायचा.

कागदावर पद्धत निर्दोष होती. अडचण एवढीच, की नवरा विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करायचा. दहा वर्षं दुसऱ्यांचं नुकसान मोजून मोजून त्याची नजर तशीच झाली होती.

"शेवटी काय झालं?" ती विचारायची.

"दोन गाड्या पूर्ण निकामी. एका दुकानाची दर्शनी काच. नायकाचा डावा खांदा."

"अरे, पण ती त्याला माफ करते का?"

"ते नाही लक्षात आलं. ती उभी होती तिथला कठडा मात्र तुटला."

यावरून तिनं एक सिद्धांत मांडला होता: पूर्वार्धात माणसं असतात आणि उत्तरार्धात मोडतोड. सगळ्यांचं चांगलं चाललेलं असताना दिग्दर्शकाला मध्यंतरात नक्की काय चावतं, हा तिला पडलेला खरा प्रश्न होता.

बाकी मतं तिची स्वतःची, घरची होती. लहान मूल असलेल्या घरात पांढरा सोफा दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला एकतर मूल नसतं किंवा सोफा तरी नसतो. सिनेमातल्या नायिकेच्या खुर्चीवर ओला टॉवेल कधीच पडलेला नसतो; मग ती एवढी रडते कशासाठी? खलनायक फार बोलतो, आणि ज्याला खरंच काम उरकायचंय त्याला इतकं बोलायला वेळ नसतो. क्वचित कधी प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाणं झालं तर तिचं लक्ष भलतीकडेच असे. जादूच्या प्रयोगात कबुतराकडे, गाण्याच्या कार्यक्रमात वादकासमोरची स्वरलिपीची पानं उलटणाऱ्या माणसाकडे. त्याला टाळ्या कुणीच वाजवत नाही म्हणून ती एकटीच वाजवायची आणि चुकीच्या जागी वाजवायची.

ही मतं ती भाजी निवडताना शेजारणींना ऐकवी. तिथून ती कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांच्या कानावर गेली. वाचनालय दर पंधरा दिवसांनी चार पानी पत्रक काढत असे. त्यात नवीन पुस्तकांची यादी, पुस्तक परत न करणाऱ्यांची त्याहून मोठी यादी आणि उरलेल्या जागेत निधनवार्ता असत. ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, त्या दोन याद्यांच्या मधे पंधरा ओळी मोकळ्या राहतात. लिहाल?"

ती लिहू लागली. ढमी झोपली की कुकरची शिट्टी काढून ठेवायची, बेल बंद करायची, आणि ओट्यावरच, उभ्याउभ्या. पंधरा दिवसांत पंधरा ओळी. लोक हसतील, पण दिवसभर तिला सगळे "कुठे आहे?" एवढंच विचारत, मोजा कुठे आहे, किल्ली कुठे आहे, थर्मामीटर कुठे आहे. "तुला काय वाटलं?" असं विचारणारी त्या घरादारात तेवढीच एक जागा होती, दोन याद्यांच्या मधली. जिन्यात लोक तिला 'परीक्षणवाल्या वहिनी' म्हणू लागले. एकदा तर दूधवाल्यानं विचारलं, "या आठवड्यात कुठला बघू?" त्या दिवशी तिनं दूध उतू घालवलं, पण खुशीत.

मग तो आजोबांचा सिनेमा आला.

पूर्वार्धात एक आजोबा आणि नात मिळून घरामागं बाग लावतात. माती, रोपं, आजोबांचे थरथरते हात. तिला तर दोनदा डोळे पुसावे लागले. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "पुढे?"

"काही विशेष नुकसान नाही," तो म्हणाला.

खरी गोष्ट अशी होती, की त्याला मध्यंतरानंतर लगेच ऑफिसचा फोन आला आणि तो उरलेला सिनेमा मागच्या दारापाशी एका उलटलेल्या टँकरबद्दल बोलत उभा होता. नुकसान दिसलं नाही म्हणून त्यानं तसं सांगितलं. तिनं बिनधास्त लिहून टाकलं: "घरातल्या थोरामोठ्यांना आवर्जून न्यावा असा हळुवार सिनेमा."

इमारतीतली नऊ थोर मंडळी एकत्र गेली. पुढाकार तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचा. उत्तरार्धात नात बाग खणायला घेते आणि आजोबांनी तरुणपणी तिथं काय काय पुरून ठेवलंय ते एकेक करून वर येऊ लागतं. एकूण सतरा सांगाडे. समोरच्या काकूंनी हेडमास्तरांचा दंड जो धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही, आणि त्यावरून इमारतीत जी चर्चा सुरू झाली ती निराळीच.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी तिला बोलावून घेतलं. ते सडपातळ, शांत गृहस्थ होते आणि रागावले की नियमावलीच्या भाषेत बोलत.

"वहिनी, सदर चित्रपट आपण संपूर्ण पाहिला होता काय?"

तिनं खरं सांगितलं. पद्धत, अदलाबदल, टँकर, सगळं. ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आजवरची सगळी मतं..."

"मध्यंतरापर्यंत माझी, पुढची विमा कंपनीची."

"हे बघा," ते म्हणाले, "आपल्या चौकातल्या औषधवाल्यांचं हौशी नाटक येतंय रविवारी. दोन अंकी. ते पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंत बघा, स्वतः बघा, आणि लिहा. ते जमलं तर सदर तुमचं. नाहीतर हेडमास्तर मागे लागलेत. त्यांनी नमुना म्हणून अकरा पानं आधीच देऊन ठेवलीत."

"जागा तर पंधरा ओळींची आहे."

"ते निधनवार्ता कमी करा म्हणताहेत."

बातमी जिन्यातून वर चढायला जितका वेळ लागतो तितक्यात सल्ले खाली उतरले. समोरच्या काकू म्हणाल्या, तुझा न धुतलेला कुर्ता बाळाजवळ ठेव, वासानं शांत राहील. ठेवला, ढमीनं तो चघळला आणि आई हवी म्हणून दुप्पट रडली. वरच्या मजल्यावरचा इंजिनीअर म्हणाला, तुमचा आवाज रेकॉर्ड करून लावा. लावला, ढमी फोनच्या मागे आई शोधू लागली आणि ती सापडेना म्हणून फोन आपटला. सासूबाई म्हणाल्या, "मी सतरा वर्षं काही बघितलं नाही, माझं काय अडलं?" आणि थोड्या वेळानं, "औषधवाल्यांचं का? मग जाऊन ये बाई. त्यांच्या बायकोनं म्हणे त्यात काम केलंय, त्यांचीच बायको म्हणून. घरी दोघं बोलत नाहीत असं ऐकते."

शेवटी ठरलं ते असं: ढमी बाटलीनं पीत नाही, तेव्हा तिला सोबत न्यायचं. नवऱ्यानं तिला घेऊन नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनात बसायचं. मध्यंतरात तिनं बाहेर येऊन ढमीला पाजायचं आणि पुन्हा आत जायचं. अदलाबदल नाही. तिनं हे नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतलं. "अदलाबदल नाही," तो म्हणाला, "लेखी देऊ का?"

लेखी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला अंक सुरेख झाला. औषधवाले नाटकात एका विसरभोळ्या म्हाताऱ्या बापाचं काम करत होते आणि घरातली सगळी माणसं त्यांनी ठेवलेली कपाटाची किल्ली शोधत होती. विसरभोळ्याची भूमिका निवडण्यात औषधवाल्यांची हुशारी होती. वाक्य आठवलं नाही की ते कपाळाला हात लावून उभे राहत, आणि प्रेक्षक म्हणत, काय जिवंत अभिनय. तिच्या शेजारी हेडमास्तर वही उघडून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी अधोरेखित करत होते. तिनं कागदही काढला नाही. घरातली किल्ली हरवली की घरात कोण कुणाला काय बोलतं, हे तिला कुणी लिहून देण्याची गरज नव्हती. ती हसत होती, आणि अंधारात तिच्या मांडीवर कुणीही नव्हतं. अंक संपला तेव्हा म्हातारा बाप आपल्या मुलीला विचारतो, "आपण काय शोधतोय?" आणि पडदा पडतो. तिच्या अंगावर काटा आला.

दिवे लागले. लोक बाहेर लोटले. ती दारात आली. समोर नवरा, त्याच्या कडेवर लालबुंद झालेली ढमी. ढमीनं आईकडे झेप घेतली. हिनं तिला झेललं. तिकीट हिच्या डाव्या हातातून त्याच्या उजव्या हातात गेलं. पिशवी खांद्यावर आली. "एकदा ओकली, झोपली नाही, मोजे दोन्ही आहेत," तो म्हणाला. "कपाट, किल्ली, बाप विसरभोळा," ती म्हणाली. घंटा झाली. तो आत गेला.

ती बाकावर बसून ढमीला पाजू लागली. ढमीच्या मुठीत आईचं बोट होतं. समोरच्या भिंतीवर पूर्वीच्या नाटकांचे फोटो होते, पंखा फिरत होता, सगळं जगच कसं सुरळीत वाटत होतं. पाच मिनिटं झाली असतील. आतून टाळ्या ऐकू आल्या आणि तिनं खाली पाहिलं. तिच्या हातात तिकीट नव्हतं, मूल होतं.

ती उठली तशी दारापाशी गेली. दारावरचा माणूस स्टुलावर बसून नखं कापत होता.

"मला आत जायचंय."

"तिकीट?"

"आत आहे."

"मग ते बघतंय की नाटक," दारवान म्हणाला.

"ते माझं तिकीट आहे. माझा नवरा चुकून आत गेलाय."

"बाई, चुकून बाहेर येणारे नवरे पुष्कळ बघितले. आत जाणारा पहिलाच."

"त्याला बोलावून आणता का?"

"आत काळोख. कुणाचा नवरा कुठला, मला कसं कळणार? भलताच आला बाहेर तर?" त्यानं ढमीकडे बोट दाखवलं. "शिवाय पाच वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. साहेबांना भेटा."

नवऱ्याला फोन लावला तर बंद. नाट्यगृहात फोन बंद ठेवावेत अशी पाटी होती आणि पाटी वाचून ती पाळणारा त्या गावात तो एकटाच माणूस होता. असा नवरा तिनं समजूनसवरून केला होता.

व्यवस्थापक साहेबांच्या खोलीत टेबल, पंखा आणि साहेब होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खणातून एक कोरा कागद काढला आणि म्हणाले, "अर्ज करा. प्रेक्षक बाहेर राहिल्याबाबत." तिनं एका हातानं ढमीला आणि दुसऱ्या हातानं पेनला सांभाळत लिहिलं.

"आसन क्रमांक?"

"क सात."

"सध्या त्या आसनावर कोण आहे?"

"माझा नवरा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आसन रिकामं नाही. प्रेक्षक आत आहे. मग बाहेर राहिलं कोण?"

"मी."

"तुम्ही प्रेक्षक नाही. प्रेक्षक क सातवर आहे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला, पण त्याचं टोक ढमीच्या तोंडात गेलेलं होतं आणि पुढची दोन मिनिटं अर्ज कार्यालयीन मार्गानं परत मिळवण्यात गेली.

ती दाराला कान लावून उभी राहिली. आत कुणीतरी काहीतरी आपटलं. कुणीतरी हुंदका दिला. किल्ली सापडली की काय? ढमीनंही आईचं बघून दाराला कान लावला. दारवानानं एकदा दोघींकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा," तो म्हणाला. "मी अठरा वर्षं असंच ऐकतो. बरं असतं."

पडदा पडला. लोक आले. सगळ्यात शेवटी, हातात कागद घेऊन, नवरा. "एक फुलदाणी, कपाटाचं उजवं दार आणि..." तो बोलता बोलता थांबला. बायकोकडे पाहिलं, ढमीकडे पाहिलं, हातातल्या तिकिटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा पडला, की तिला बोलायला काही शिल्लकच राहिलं नाही. हे फार अन्यायाचं असतं. भांडण आपलं, आणि समोरचाच आधी जखमी.

"मी आपला सरळ आत गेलो," तो म्हणाला.

"मी दिलं तिकीट."

"सदर गेलं का?"

तिनं ढमीचा मोजा वर ओढला. तो पडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं ग्रंथपालांना आपणहून सगळं सांगितलं. त्यांनी नियमावलीत पाहिलं, अशा प्रकाराबद्दल कलम नव्हतं. "पुढच्या रविवारी दुसरा आणि शेवटचा प्रयोग आहे," ते म्हणाले. "पत्रक सोमवारी छापायला जातं. तोवर थांबतो. पण वहिनी, हेडमास्तरांचं परीक्षण आलंय, पुन्हा अकरा पानं. एकट्या दुसऱ्या अंकावर सहा."

त्या रविवारी नवऱ्यानं बंदोबस्त पक्का केला. ढमी आता दुपारची पातळ खीर चाटू लागली होती. "मी नाट्यगृहाच्या आसपाससुद्धा असणार नाही," तो म्हणाला. "दोन स्टॉप पलीकडच्या बागेत असेन. तू बाहेर आलीस तरी तिकीट द्यायला माणूस सापडता कामा नये."

मध्यंतरात ती बाहेर आली आणि सवयीनं तिचा डावा हात पुढे झाला. समोरून येणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी तिकीट घेतलं, वाचलं, "माझ्याकडे आहे" म्हणाले आणि परत दिलं. तिनं एकटीनं कॉफी घेतली. कुणी सांडली नाही. पेला दोन्ही हातांनी धरता येतो हे ती विसरलीच होती. दारवानानं तिला ओळखून मोठ्या अदबीनं दार उघडलं, आणि ती दुसऱ्या अंकाला बसली.

आणि दुसरा अंक वाईट होता.

तिनं पंधरा मिनिटं मानलं नाही. आणखी पंधरा मिनिटं नाटकाला सवलत दिली. पण पहिल्या अंकात जी माणसं न बोलता सगळं सांगून गेली होती, ती आता ओळीनं पुढे येऊन पहिल्या अंकाचा अर्थ समजावून सांगत होती. किल्ली सापडली. कपाटात पत्र निघालं. पत्र वाचून दाखवलं. मग त्या पत्रावर प्रत्येकानं मनोगत व्यक्त केलं. विसरभोळ्या बापाला सगळं आठवलं आणि औषधवाल्यांना काहीच आठवेना, तेव्हा मात्र प्रेक्षकांनाही ते अभिनय वाटेना. दाराला कान लावून तिनं ऐकलेला अंक याहून कितीतरी चांगला होता.

घरी नवरा ढमीला पोटावर घेऊन पडला होता. "काय मग?"

"पहिला अंक संपला तिथं नाटक संपलं," ती म्हणाली. "पुढचं नसतं तर बरं होतं. आता हे लिहू कसं? ते म्हणणार, हिनं या वेळीही पहिलाच अंक बघितला."

"मग दुसऱ्याबद्दल चार चांगल्या ओळी लिही की. कुणाचं काय नुकसान आहे?"

ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. चार चांगल्या ओळी तिनं लिहिल्यासुद्धा. पत्राचा प्रसंग हृद्य, वगैरे. मग त्या वाचल्या. त्या कुणाच्याही असू शकल्या असत्या. एवढी खटपट करून मिळवलेली जागा, आणि त्यात मत कुणाचं तर कुणाचंच नाही. तिनं त्या खोडल्या आणि जे वाटलं ते लिहिलं. पंधरा ओळी भरल्या नाहीत; अकराच झाल्या.

सोमवारी ग्रंथपालांनी त्या उभ्याउभ्याच वाचल्या. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हेडमास्तर आपली पानं घेऊन बसले होते.

"'दुसरा अंक नसता तर नाटक अधिक पूर्ण झालं असतं,'" ग्रंथपालांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, आपण संपूर्ण पाहिलंत ना?"

"संपूर्ण."

"राग मानू नका. पण हेडमास्तर लिहितात, दुसरा अंक म्हणजे कळस."

ती हेडमास्तरांकडे वळली. तिला त्यांना कोंडीत पकडायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कदाचित तिचंच काही निसटलं असेल. "सर, तुम्हाला त्यात काय आवडलं?"

हेडमास्तरांनी पानं सरळ केली. मग पुन्हा सरळ केली. आयुष्यभर दुसऱ्याची कॉपी पकडलेला माणूस होता तो. स्वतःची पकडायला त्यांना जरा वेळ लागला.

"मुली," ते म्हणाले, "पहिला अंक मी डोळ्यांची पापणी न लववता पाहिला. दुसऱ्यात दहाव्या मिनिटाला माझा डोळा लागला. तुझे यजमान शेजारी होते, त्यांनी मला टाळ्यांच्या वेळी उठवलं. बाकीचं मी कार्यक्रमपत्रिकेवरून लिहिलं." त्यांनी अकराच्या अकरा पानांची घडी केली आणि खिशात घातली. "झोप लागायला नको होती. पण लागली, यात नाटकाचाही थोडा वाटा असावा असं आता वाटतं."

ग्रंथपालांनी तिचा कागद छपाईच्या पाकिटात घातला, दोन याद्यांच्या मधे. दाराकडे एकदा पाहिलं, कुणी येत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, मी मध्यंतरालाच निघालो होतो. घरी पाहुणे होते." ते जरा घुटमळले. "ती किल्ली शेवटी सापडली का हो?"

"मलाही तेच विचारायचं होतं," हेडमास्तर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

बाहेर पायरीवर नवरा ढमीला घेऊन उभा होता आणि घड्याळ दाखवत होता. तिनं त्याला पाच बोटं दाखवली, मग थोडा विचार करून दुसऱ्या हाताचीही पाच दाखवली, आणि पहिल्या अंकापासून सांगायला सुरुवात केली.